बाबांचा टॉवर, माझा पडदा

प्रिय बाबा,

पडदा तापतोय, तेवढ्या वेळात लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, दर दोन ओळींनी उठून तापमानाच्या काट्याकडे बघून येते. ऑपरेटर म्हणाला, मॅडम, आता बसा, नाहीतर तुम्हालाच तापमापी लावतो. पण बसवतच नाही; तुम्ही मला भुणभुण म्हणता ते काही उगाच नाही. तुम्ही फोन उचलत नाही. वहिनी म्हणाली, रक्त तपासायचं नाही म्हणून तुम्ही डॉक्टरांच्या दारातून परत फिरलात. हातांवर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, जिना चढताना धाप, आणि विचारलं की म्हणे पलंगाला धडकलो. रोज, बाबा? त्या पलंगाचं तुमच्याशी एवढं काय वैर आहे?

अल्कोहोलमधलं शेवटचं पाणी काढणारा तुमचा टॉवर काल बंद केला. मीच बंद केला, हेही तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. वाफेचा आवाज थांबला तरी आवारातली माणसं ओरडूनच बोलत होती. इतकी वर्षं त्या आवाजात तसंच बोलायची सवय होती सगळ्यांना. तुम्ही मागे म्हणाला होतात, कागदाच्या कपट्यावर कारखाना चालवणार का गं तू? आणि मग पानावरून उठलात ते माझ्याशी धड बोललाच नाहीत. कपटाच आहे माझा पडदा, कबूल. पॉलिमरचा पातळ थर, नखानं ओरखडा पडेल असा. चाळणी नाही, त्याला भोकं नाहीत. पाण्याची वाफ त्याच्या अंगात मुरते आणि पलीकडे निघते, तिथे आम्ही ती पंपानं ओढून घेतो. अल्कोहोलला तो फारसा थारा देत नाही, ते अलीकडेच राहतं. फक्त घाई चालत नाही. पडदा थंड असताना अल्कोहोल-पाण्याची वाफ सोडली तर तिचे थेंब होतात, थेंबांनी पडदा फुगतो, आणि एकदा फुगला की सगळ्यांनाच आत घेतो. म्हणून ही वाट बघणं. माझ्यासारख्या उतावळीला!

लहानपणी तुम्हीच मला पोळपाटावर बोटानं काढून समजावलं होतं, की शेवटचं थोडं पाणी अल्कोहोलचा हात सोडत नाही. कितीही उकळा, दोघं जोडीनंच वर येतात. मग त्यांच्यात तिसरा घालायचा, बेन्झीन, म्हणजे तो पाण्याला ओढून नेतो. मला तो तिसरा फार आवडायचा. तुम्ही घरी आलात की तुमच्या हातांना त्याचा गोडसर वास असायचा. कामाची पाळी संपली की तुम्ही सगळे त्यातच हात धुवायचात ना? साबणानं न निघणारं वंगण त्यानं झटक्यात जायचं. हात पांढरेफटक पडायचे, आई तेल चोळत बसायची आणि पुटपुटायची, हे कसलं मेलं धुणं. मी तुमचे तळवे नाकाशी धरून बसायचे. कॉलेजात त्या वासाचं पुस्तकातलं पान वाचलं, बेन्झीन हाडांतलं रक्त बनणंच बिघडवतं ते, तेव्हा पुस्तक मिटून बाहेर फिरत राहिले. तुम्हाला काही बोलले नाही. विषय मात्र हाच घेतला. तुम्हाला वाटलं, पोरीला नव्याचं वेड. मला फक्त तो तिसरा त्या आवारातून घालवायचा होता.

थांबा, काटा खुणेवर आला.

सोडली वाफ, बाबा. पलीकडच्या गार नळीत पाणी यायला लागलं, साधं पाणी, आणि इकडचं अल्कोहोल तपासलं तर कोरडं, त्यात पाण्याचं नाव नाही. टाळ्या झाल्या. मी आधी तुम्हाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

मला माहीत आहे तुम्ही तपासणीला का येत नाही. बॉयलरवाले काका गेले तेव्हा कुणीतरी म्हणालं, नोकरीनं खाल्लं त्यांना, आणि तुम्ही तिथेच भांडलात, की त्याच नोकरीनं त्याची पोरं उभी केली. तुम्हाला सुईची भीती नाही. रिपोर्टात काही निघालं तर तुमचा सगळा जन्मच चुकला असं आम्ही म्हणू, याची आहे. शिवाय माझ्या फियाही त्याच पगारातल्या, म्हणजे मला तोंड कसं दाखवायचं, असंही कुठेतरी असेल. मी तसं म्हणणार नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याशी मी भांडेन, तुमच्याशी नाही. काहीही निघो, आपण ते दोघं मिळून वाचू. आणि काही नाही निघालं तर पलंगाला मी स्वतः लाथ घालीन. परवा सकाळी तुम्हाला रक्त तपासायला न्यायला गाडी घेऊन दारात येते आहे. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, फोन न उचलून नको. आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसा, म्हणजे तिथे चारचौघांत कुणी तुम्हाला बाही वर करायला सांगणार नाही.

तुमचीच,
भुणभुण