नूरुन्निसाच्या कॅसेटींना कुलूप

रास तनुरा, सौदी अरेबिया,
१० सप्टेंबर २००५

प्यारी हलिमा आपा हिला धाकट्या सिराजुद्दीनचा अदबीने सलाम. मी खैरियतीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? (बाम पाठवलाय तो गावभर वाटू नकोस. तू वाटणारच.)

तर झालं असं की, नूरुन्निसाने पत्रांऐवजी दहा वर्षं कॅसेटी बोलून पाठवल्या, त्या मी कंप्युटरवर चढवल्या. फिती इथल्या गरमीने करपायला लागल्या होत्या. चढवल्या आणि मूळ कॅसेटी कचऱ्यात टाकल्या. मग जीव घाबरला. खोलीत माणसं दोन, कंप्युटर एक. दुसरा धोंडीराम, चिपळूणचा वेल्डर, पंधरा वर्षांचा शेजार, सोन्यासारखा माणूस. पण बायको नवऱ्याशी बोलते ते परक्याने ऐकायचं का? (तुझ्याविषयी त्यात काही नाही. असलंच तर चांगलंच असेल.) त्याने ऐकलं तर नूरुन्निसाला मी काय तोंड दाखवू?

ऑफिसातला पंकज म्हणाला, चाचा, फायली एन्क्रिप्ट करा, म्हणजे कुलूपच. तुमच्या नावाने आत शिरल्याशिवाय कुणाला उघडायच्या नाहीत. फक्त किल्लीची नक्कल सीडीवर काढून ठेवा. चार दिवस माझं ठरेना. घालावं तर धोंडीरामला वाटणार, याचा माझ्यावर भरवसा नाही. शेवटी तो अंघोळीला गेला तेव्हा चोरासारखं कुलूप घातलं. फायलींची नावं हिरवी झाली, मला फार बरं वाटलं. नक्कल काढली नाही. तीस वर्षं फिटर आहे, किल्ल्यांच्या नकला करणारे मला ठाऊक आहेत.

तुझा भाऊ,
सिराजुद्दीन

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. कंप्युटरला व्हायरस लागला, आणि मला मदत म्हणून धोंडीरामने माणूस बोलावून विंडोज नवं टाकून घेतलं. फायली आहेत, नावं हिरवीगार आहेत, उघडत एकही नाही. पंकज म्हणाला, खलास चाचा, किल्ली जुन्या विंडोजबरोबर गेली. आपा, लाज सोडून सांगतो, मी रडलो.

दुसरा ता. क. धोंडीरामला सगळं कबूल केलं. तो कांदा चिरत होता. चिरता चिरता त्र्याण्णव सालची कॅसेट बोलायला लागला, पहिल्या सलामापासून, मधला नूरुन्निसाचा खोकला आणि "थांबा हां, दूध उतू जातंय" यासकट. मग चौऱ्याण्णवची. तेव्हा आमच्या खोल्या वेगळ्या होत्या, पण मधे भिंत म्हणून नुसतं प्लायवूड होतं गं. मी लाजेने अर्धा झालो, तर म्हणतो, वहिनींना माहीत आहे. नूरुन्निसाला फोन लावला, तर ती हसतच सुटली. म्हणे, "तुम्हीच सांगितलं होतं ना, त्यांची बायको बायजाबाई टेपसमोर गप्प होते, कॅसेटभर नुसत्या कोंबड्या. म्हणून मी मोठ्याने बोलायची. त्यांनाही घरचं ऐकू जावं." आणि मला दहा वर्षं वाटत होतं, ही माझ्यावर ओरडतेय.

शेवटचा ता. क. सोबत कोरी कॅसेट आहे. टेपरेकॉर्डर धोंडीरामने नवा आणलाय. नूरुन्निसाला तुझ्या टेपसमोर बसव आणि तू तेवढा वेळ शेजारी जा. (चौऱ्याण्णवची दुसरी बाजू पूर्ण तुझ्यावरच निघाली. नूरुन्निसा त्यात तुझा आवाज काढते, तोही धोंडीराम छान काढतो.) आणि तिला सांग, पूर्वीपेक्षा मोठ्याने बोल. धोंडीरामला आता कमी ऐकू येतं.