काळ्या हातांचा चहा

धामणगाव बढे,
डिसेंबर २०१७

प्रिय ज्ञाना,

'प्रिय' दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. त्यावरून राग किती आणि बाकीचं किती, ते तूच ओळख. फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, आता तर माझा नंबरच बंद करून टाकलास. कागद काही बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. चाकणचा पत्ता जुनेदनं दिला. आधी देत नव्हता, तुझी शपथ आहे म्हणाला. मग मी त्याच्या गॅरेजच्या दारात माझी गाडी आडवी लावून बसले. गिऱ्हाईक अडायला लागलं तशी त्याची शपथ सुटली. बोलताना मी तुझ्यासारखीच 'मले-तुले' करते, पण पेन हातात आलं की शाळेतल्या बाई अंगात येतात, तेव्हा भाषेला हसू नकोस. आणि फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

पत्त्याबरोबर जुनेदनं आणखी एक गोष्ट सांगितली. तू त्याला तुझी लाल गाडी विकायला सांगितली आहेस, आणि खामगावचा एक माणूस रविवारी येऊन ती घेऊन जाणार आहे. ज्या गाडीवर तू आम्हाला साधा हात ठेवू देत नव्हतास, ती? तुझ्या बाबांनी, उकंडरावकाकांनी, बीटी कपाशीच्या पहिल्या चांगल्या वर्षात घेतलेली, गावात हार घालून आणलेली, तुझ्या बारावीच्या निकालाला तुझ्या हाती दिलेली? तुझी गाडी आहे, विकायचा हक्क तुझाच. पण ती गेली तर तिच्यासोबत आणखी काय जाईल, ते तुला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असलेली मी एकटीच आहे. रविवारच्या आत हे तुझ्या हाती पडावं एवढंच मागणं आहे.

इकडची हालचाल सांगते. यंदा कपाशीत काही राम नाही. बोंड वरून चांगलं टपोरं दिसतं, फोडलं की आत गुलाबी अळी. मी अजून तेच काम करते, शेताशेतांत कामगंध सापळे लावायचे आणि त्यात अडकलेले अळीचे पतंग मोजून आकडे मोताळ्याला कळवायचे. लोक मलाच विचारतात, बीटीला अळी लागत नाही म्हणत होते ना, मग हे काय? मी काय सांगणार, कपाळ! आशाकाकू बऱ्या आहेत. काका घरी आहेत, चालतात-फिरतात, डोळ्यांना मात्र अजून धूसर दिसतं. सकाळी ओट्यावर बसतात आणि रस्त्यावरून कोणतीही मोटारसायकल गेली की मान वर करतात. आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतात.

आता तुमच्या त्या मोटारसायकलवाल्या पोरांच्या कंपनीबद्दल बोलते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. दर रविवारी मोताळ्याहून निघायचं, राजूरचा घाट चढायचा, वरच्या टपरीवर थांबायचं. चहा यायच्या आधी सगळ्यांनी हात पुढे करायचे. नखांत काळं तेल असेल त्याला चहा, नसेल त्यानं गाडीला किक मारून मागे फिरायचं. मला तेव्हा त्याची काय ऐट वाटायची! तुम्ही सात पोरं आणि मी, एकटी बाई, पाच महिने तुमच्यासोबत चालवली. मग पावसाळ्यात माझ्या क्लचचं काम निघालं आणि मी गाडी सरळ जुनेदकडे टाकली. कामावर जायचं होतं, अंगणात पसारा मांडून बसायला वेळ कोणाला होता? रविवारी माझे हात पाहिलेस तू, गोरेपान. चहाचा ग्लास माझ्यासमोरून उचललास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "जिले सोताची गाडी खोलता येत नाही, थे आपल्यातली नाही." मी तुला म्हणाले होते की तुम्ही खोलता, मी चालवते. तुम्ही सातजण मिळून महिन्याला जेवढं फिरत नाही तेवढं मी चिखलाच्या पांदणीतून आठवड्यात फिरते. तुम्ही हसलात. त्या दिवशी मी घाट एकटी उतरले आणि हेल्मेटच्या काचेआड रडले. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

म्हणून सप्टेंबरात त्या दिवशी मोताळ्याच्या दवाखान्यासमोर तुझी लाल गाडी दिसली, तेव्हा मी खरं तर तोंड फिरवून निघून जाणार होते. पण गाडीवर मधे काका बसलेले दिसले. मान छातीवर पडलेली, तोंडातून लाळ गळत होती, आणि मागून तुमच्या कंपनीतल्या सहदेवनं त्यांना दोन्ही हातांनी कवळून धरलेलं. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत वारा अंगावर घेत दिवसभर फवारणी केली होती त्यांनी, तोंडाला साधा रुमालही नव्हता. डॉक्टरांनी एक इंजेक्शन देऊन बुलढाण्याला पळवा म्हणून सांगितलं होतं. ॲम्ब्युलन्स आधीच दुसऱ्या दोन फवारणीवाल्यांना घेऊन गेली होती. जीपवाला शोधू म्हटलं कोणी, तर तू म्हणालास की माझी गाडी जीपच्या आधी पोहोचते. खरंच पोहोचली असती. मी तुमच्या मागे गाडी लावली.

घाटाच्या अर्ध्यावर तुझी गाडी फटफट करून बंद पडली. तू काकांना कठड्याला टेकवलंस, पान्यांची पिशवी काढलीस आणि गाडीपुढे उकिडवा बसलास. मी म्हटलं, त्यांना माझ्या गाडीवर घेऊ. तू वर न बघता म्हणालास, "दोन मिनिटं थांब, आत्ता होते." तुझे हात सराईतासारखे चालले होते, कार्बोरेटर निघाला, फुंकला, पुसला, बसला. किक मारलीस. काही नाही. पुन्हा तेच, दोन मिनिटं. तिकडे काकांचं अंग झटके द्यायला लागलं होतं. माझ्या गाडीवर बसवायचं म्हटलं तरी ते आता बसण्यासारखे राहिलेच नव्हते. आणि तू, माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा बापावर जास्त जीव असलेला, त्या गाडीतून डोकं बाहेर काढायला तयार नव्हतास. मला तुझा इतका राग आला की तुझ्या पाठीत लाथ घालावीशी वाटली. भीतीही तेवढीच वाटली.

खालून एसटीचा आवाज आला. मी माझी गाडी वळणावर रस्त्यात आडवी घातली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिले. ड्रायव्हरनं मला माझ्या सात पिढ्यांवरून शिव्या दिल्या, पण थांबला. काकांना पाहिलं तेव्हा स्वतःच खाली उतरला. त्यानं, सहदेवनं आणि मी काकांना उचलून आत घातलं, सहदेवनं माझी गाडी बाजूला घेतली, आणि मी चावी तिच्यातच सोडून बसमध्ये चढले. रस्त्यात गाडी टाकून जाणारा आपला नाही, असाही तुमचा एक नियम होता ना? तू तेव्हाही ओरडत होतास, झालीच आहे, थांबा. बस निघाली तेव्हा तू किक मारत होतास.

पुढचं तुला वाटतं की तुला माहीत आहे. संध्याकाळी तू आणि सहदेव गाडी टेम्पोत टाकून बुलढाण्याला आलात. वॉर्डच्या दारात सिस्टरनं तुझे हात पाहिले आणि आधी धुऊन या म्हणाली. तू नळावर गेलास. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले आणि दारात उभ्या सहदेवला त्यांचा पहिला शब्द ऐकू आला: "गाडी सुरू झाली का?" सहदेवनं तो जसाच्या तसा तुझ्याकडे नळावर पोचवला. तू आत आलाच नाहीस. आठ दिवसांत गाव सोडलंस. आणि गावाचं तोंड तर कोण धरणार! मरता मरता बापानं पोराला टोमणा मारला म्हणून चावडीपासून बाजारापर्यंत हसले लोक. अजून हसतात. कोणाची गाडी बंद पडली की म्हणतात, उकंडरावांना विचारा, सुरू झाली का.

ज्ञाना, तो टोमणा नव्हता रे. त्या खाटेजवळ मी होते, सहदेव दारात होता. बसमध्ये काय झालं ते तर तुम्हाला दोघांनाही माहीत नाही. मी काकांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पूर्ण शुद्ध नव्हती, पण ते माझा हात झटकत होते, दाराकडे ओढ घेत होते. म्हणत होते, "पोरी, उतरव मले. ज्ञाना करून राह्यला ना. मी त्याच्याच गाडीवर येतो." घाट संपेपर्यंत तेच. जीव चालला होता आणि माणसाला बस नको होती, तुझी गाडी हवी होती. कारण ज्ञान्याच्या हातून ती सुरू होणारच, यात त्यांना काडीची शंका नव्हती. तू काळे हात घेऊन घरी यायचास तेव्हा ते चारचौघांत तुझा हात धरून दाखवायचे, आठवतं? तुझ्या कंपनीतल्या पोरांपेक्षा तुझ्या नखांची ऐट त्यांना जास्त होती. डोळे उघडल्यावर त्यांनी गाडीचं विचारलं ते तुझ्यासाठी विचारलं. पोराला यश आलं का, एवढंच. तोंड असं झालं होतं त्यांचं, निकालाच्या दिवशी लेकराला विचारतात ना, तसं.

मी हो म्हणाले. सुरू झाली काका, म्हटलं. ते हसले आणि झोपले, आणि ती झोप बरी होण्याची होती. तू आत येशील आणि मग बघू, असं माझ्या मनात होतं. तू आलाच नाहीस, आणि माझं ते 'हो' तसंच राहून गेलं. आशाकाकूंनी त्याला ठिगळ लावलं की ज्ञाना त्याच गाडीवर बसून चाकणला कामाला गेला. ते रोज ओट्यावर बसून ज्या आवाजाची वाट बघतात, तो हा. आणि रविवारी तो खामगाववाला ती गाडी घेऊन निघेल तो आमच्याच रस्त्यानं, धामणगावात त्याची बहीण आहे. काकांना चेहरे दिसत नाहीत, पण तो आवाज ते झोपेतही ओळखतील. वर मान करतील, आणि गाडी थांबणार नाही.

जुनेदनं गाडी खोलून पाहिली. कॉइल गेली होती. नवी टाकल्याशिवाय ती कोणाच्या बापाला सुरू झाली नसती, रस्त्यावर मीही काही करू शकलो नसतो, असं तो स्वतः म्हणाला. त्यानं ती टाकली आहे. तुझ्या गाडीला परक्याचा हात लागला, आता मला काय ते बोल.

म्हणून लिहिते आहे. रविवारनंतरच्या गुरुवारी काकांना बुलढाण्याला डोळे दाखवायला न्यायचंय. एसटी नको म्हणतात, माझ्या मागे बसायलाही नको म्हणतात. ज्ञाना येईल, त्याच्या गाडीवर जाईन, हा एकच हेका. शनिवारी रात्रीच्या गाडीत बस आणि ये. त्या माणसाला मी परत पाठवीन, गाडी आडवी लावायची मला सवय आहे. तुला काही खोलायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. किक मारली की सुरू होते, मी रोज जाऊन मारून बघते. तुझी पान्यांची पिशवी मी माझ्या घरी आणून ठेवली आहे, ती मागितलीस तरी मिळणार नाही. हात धुऊन ये. घाटावरच्या टपरीवर आपण थांबू, तिघांचा चहा मी सांगेन, आणि काका विचारतील तेव्हा या खेपेला तू सांग त्यांना, सुरू आहे म्हणून.

तुझीच (हे एकदाच लिहिलं, खोडलं नाही)
अश्विनी