मानेखालची तारीख

प्रिय ताझुए,

नववर्षाचं तुझं कार्ड पोचलं. यंदाही नुसतं छापील, हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. बेचाळीस वर्षं मी मनात म्हणत आलो, तोयामाला नांदायला गेली आणि बाईसाहेबांना शिष्टपणा चढला. माझाही ताठा कमी नव्हता म्हणा. मीही छापीलच पाठवत राहिलो.

कारखाना बंद पडून जमाना झाला. हल्ली मी मात्सुमोतोला स्टेशनजवळच्या एका दुकानात बसतो आणि लोकांच्या इलेक्ट्रिक गिटारींचं वय नि मूळ गाव सांगतो. आपणच बनवायचो त्या गं, जुन्या अमेरिकन गिटारींवरून हुबेहूब काढलेल्या. आता त्याच जुन्या झाल्या, लोक जिवापाड जपतात. येईल तो वय ठरवायला मागच्या धातूच्या पट्टीवरचा नंबर दाखवतो. त्यांना काय ठाऊक, मोमोसे मुकादम पट्ट्यांचा डबा टेबलावर ओतायचे आणि हाताला येईल ती आपण लावायचो. खरं वय गिटारच्या मानेखाली. स्क्रू काढून मान उचलायची, की गिटारच्या धडातल्या खाचेत रंगवणारीने पेन्सिलीने घातलेली तारीख सापडते.

तुझ्या तारखेखाली तर आणखी काय काय असायचं. आज डब्यात पुन्हा तेच लोणचं. मुकादमांचा टोप सरकलाय, हसू नकोस. तू रंगखात्यातून लिहून पाठवायचीस, मी वाचायचो आणि वर मान बसवून चार स्क्रू पिळायचो. आपल्या गप्पा अशा कुठल्या कुठल्या घरांत जाऊन पडल्यात, देव जाणे.

मग तुझं लग्न ठरल्याचं मला कळलं ते जेवणघरात, मोमोसेंच्या तोंडून. मी फुगून बसलो. त्या आठवड्यात एकही खाच पाहिली नाही. गिटार समोर आली की नजर वळवायची आणि मान बसवून टाकायची. कळू दे तिलाही, म्हटलं. सोमवारी तुझं स्टूल रिकामं दिसलं. साधा निरोपही घेतला नाही म्हणून किती वर्षं तुला बोल लावला.

परवा मियाशिता नावाच्या एक बाई वडिलांची गिटार घेऊन आल्या. मी मान उचलली, आत ५७.११.१९. बाई हरखल्या, अगंबाई, म्हणजे खरीखुरी १९५७ची अमेरिकन की हो. म्हटलं, बाई, हे आपल्या शोवा राजवटीचं सत्तावन्नावं वर्ष, म्हणजे १९८२. आणि हे अक्षर मी झोपेतही ओळखेन. मग चष्मा लावून खालची ओळ वाचली. रविवारी दहाच्या गाडीने जातेय. थांब म्हणालास तर थांबेन.

बाईंनीही वाचलं. म्हणाल्या, आजोबा, याचं उत्तर द्यायचं राहिलंय वाटतं.

ताझुए, आता तुला नातवंडं असतील. काही मागायला लिहीत नाही. तू फलाटावर किती वेळ वाट पाहिलीस, हे विचारायचीही माझी छाती नाही. एवढंच सांगायचं होतं की मी वाचून गप्प बसलो नव्हतो. मी वाचलंच नव्हतं. त्या रविवारी दहा वाजता मी अंगणात आईबरोबर लोणच्यासाठी आणलेली पालेभाजी धूत होतो, घरापासून स्टेशन सायकलवर दहा मिनिटांचं. बाईंनी पेन्सिल पुढे केली. तुझ्या ओळीखाली मी 'थांब' लिहिलं आणि मान परत बसवली.

फार उशिरा, पण तुझाच,
शिगेतो