दोन घरांचा ‘हो’

मोहाचा पाडा, डोळखांब
१० ऑगस्ट २००९

चि. महिपत यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मुरबाडच्या बाजारात लोक तोंडाला फडकी बांधून भाजी घेतात हे वाचून हसू आलं. इथेही तेच सोंग आहे. पुण्याच्या त्या डुकराच्या तापाची बातमी रेडिओवर आली आणि पाड्यातल्या शहाण्यांनी कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यात बांधल्या. ओढ्यापलीकडच्या कान्हाने तर म्हशीच्या गळ्यातही बांधली. ताप यायच्या आधीच अक्कल गेली.

आता नवी टूम ऐक. शेजारच्या बाईजाचा किशोर वाशिंदच्या कारखान्यात दोन वर्षं काय राहिला, स्वतःला डॉक्टर समजायला लागला. त्याने ‘हाळी गट’ काढलाय. साथ आहे तोवर कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही, पण रोज सकाळी एका घराने दुसऱ्याला हाळी द्यायची. पलीकडून ‘हो’ आला तर ठीक, नाही आला तर सगळ्यांनी तिकडे धावायचं. मोबाइलला रेंज नाही, म्हणून ही कोल्हेकुई.

ओढ्याअलीकडे आमची दोनच घरं, माझं आणि बाईजाचं. तिचं घर खोलात, तिचा आवाज माझ्या अंगणापुढे जात नाही. म्हणून कान्हाने मला हाळी द्यायची, मी बाईजाला द्यायची, तिची ‘ओ’ आली की मी कान्हाला दोन्ही घरांचा मिळून एक ‘हो’ सांगायचा.

मी बाईजाला हाक मारू? तुझ्या दाजींच्या बाराव्याला भर पंगतीत जिने माझ्या वरणाला पाणी म्हटलं, तिला? अकरा वर्षं मी तिच्या घराकडे मान वळवलेली नाही. कान्हाची हाळी आली की मी ‘हो’ म्हणते आणि मोकळी होते. ती बया मात्र मी न बोलावताच रोज तिकडून ‘ओ’ देते. देऊ दे.

खोकला आला तर अडुळसा घे, भाषणं ऐकू नकोस. लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही, टिकव म्हणजे झालं.

तुझी आक्का,
देवकी


मुरबाड
१४ ऑगस्ट २००९

ती. आक्का हिस महिपतचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडे निदान नुसता आवाज आहे, आमच्याकडे फलक आहे. आमच्या आळीत आरोग्य मदत मंडळ स्थापन झाले. फलकावर अध्यक्ष, सात उपाध्यक्ष आणि त्या सगळ्यांचे दात. हात धुवा हे वाक्य खाली कोपऱ्यात, तेही चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. मास्क आणले वीस. ते आमच्या आळीत वाटले, फोटो काढला, मग परत गोळा करून पुढच्या आळीत वाटले. साथ पसरवण्याचा इतका शिस्तबद्ध प्रयत्न मी आजवर पाहिला नव्हता. समोरच्या राहीबाईंना ताप आला तेव्हा मंडळ त्यांना रस्त्यावरूनच हात जोडून गेले. त्यांच्या उंबऱ्यावर दूध मी ठेवतो आणि मला फोटोत घेतलेले नाही.

तेव्हा किशोरला हसू नकोस. पोराच्या डोक्यात फलक नाही, माणसे आहेत.

आता रागावशील ते सांगतो. तीस वर्षे मी शाळेत हजेरी घेतली. दोस्त आंब्यावर दगड मारायला गेला की त्याच्या नावाला दुसराच पोरगा हजर म्हणायचा. मी दोघांनाही अंगठे धरायला लावत असे. तू रोज सकाळी तेच करतेस. बाईजाकडे न बघता तिची हजेरी लावतेस. वरण पातळ होते की नव्हते हा वाद मरेपर्यंत चालू दे, पण ‘हो’ खरा असू दे.

गुडघा अजून कुरकुरतो. रागावलीस तरी पत्र पाठव, नुसता अबोला पाठवू नकोस.

तुझा,
महिपत


मोहाचा पाडा
१९ ऑगस्ट २००९

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मास्तरकी मुरबाडला ठेव. मी तुझ्या वर्गातली नाही, तुला कडेवर घेऊन हिंडलेली आहे. आणि वरण पातळ नव्हतं. पाच शेर डाळ मी स्वतः निवडली होती.

इथे गटाला ऊत आलाय. रविवारी किशोर वाशिंदहून सुट्टीला येऊन सगळ्यांना अंतर ठेवून बसवून गेला. कुणाकडे तांदूळ संपले, कुणाला गोळ्या हव्यात, हेही हाळीतूनच सांगायचं म्हणे. ओढ्यापलीकडच्या लहानीने मीठ मागितलं तर पलीकडच्या घराला पीठ ऐकू आलं आणि तिच्या दारात पायलीभर पीठ येऊन पडलं. असली ही माकडांची मदत. मी काही मागितलेलं नाही आणि मागणारही नाही.

बाईजाला गेल्या आठवड्यापासून खोकला आहे. तिच्या ‘ओ’मध्ये कळतो. एवढा खोकला असताना बोंबलायची हौस मात्र फिटत नाही.

गणपतीला तुझ्याकडे यायचं रद्द. एस.टी.त कोण कुणाच्या अंगावर शिंकेल सांगता येत नाही. मोदकांत खोबरं भरपूर घाल. चिक्कूपणा करतोस, लोभात तरी करू नकोस.

तुझी आक्का,
देवकी

ता. क. आज सकाळी तिची ‘ओ’ आली नाही. शेवटी लाज वाटली असेल. मी कान्हाला ‘हो’ म्हणून टाकलं.


मुरबाड
२२ ऑगस्ट २००९

आक्का, नमस्कार.

तुझे पत्र आत्ता आले. ताजा कलम वाचला आणि हातातला नारळ खाली ठेवला. खोकणारे माणूस गप्प झाले तर त्याला लाज वाटली असे समजायचे? हे पत्र हातात पडेल तेव्हा चपलाही न घालता बाईजाच्या घरी जा. माझा गुडघा धड असता तर पत्र लिहीत बसलो नसतो.

लोभाचे नंतर बघू. आधी जा.

महिपत


मोहाचा पाडा
२८ ऑगस्ट २००९

चि. महिपत यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. मी त्याआधीच गेले होते, पण जायला हवं होतं त्याच्या एक दिवस उशिरा.

वीस तारखेलाही तिची ‘ओ’ आली नाही. कान्हाची हाळी आली आणि जिभेची सवय, मी पुन्हा ‘हो’ म्हटलं. मग चहा घेऊन बसले, पण तो तसाच ठेवून उठले. अकरा वर्षांनी तिच्या घराकडे मान वळवली. छपरातून धूर नव्हता. गेले. दार नुसतं लोटलेलं. बाईजा चुलीपाशी जमिनीवर पडली होती, अंग इतकं तापलेलं की हात लाववत नव्हता. पाण्याचा हंडा चार हातांवर, तिथवरही तिला सरकता आलं नव्हतं. तिला पाणी पाजलं, धावत माझ्या अंगणात आले आणि कान्हाच्या दिशेने नाय, नाय म्हणून ओरडले. घसा अजून बसलेला आहे.

ज्यांना मी माकडं म्हटलं ती सगळी आली. गळ्यात पुरचुंड्या, तोंडाला टॉवेल. घोंगडीची डोली करून तिला ओढ्यापार डांबरी रस्त्याला नेलं, तिथून जीपने शहापूरला. अजून एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी किशोरला सांगितलं. मागे तिची म्हैस कान्हाने पिळली, शेळ्या लहानीने सांभाळल्या. कुणी फोटो काढला नाही, तुझ्या मंडळाला कळव.

किशोर माझ्या पाया पडला. काकी, तुमी व्हत्या म्हणून आय वाचली, असं म्हणाला. मी पाय मागे घेतले आणि तिचा हंडा भरायला निघून गेले.

परवा तिला घरी आणलं. मी वरण घेऊन गेले. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, की देवके, दोनी दिस मी भुईला पडलेली आनि तुजा हो मना ऐकू येत व्हता. एवढंच. शिवी दिली नाही, रडली नाही. महिपत, अकरा वर्षं मी तिला कस्पटासमान मानलं. त्या वेळी मला माझीच किळस आली.

मग तिने वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, की वरान अजून पातलच हाय गो. पण वाटी पुन्हा पुढे केली.

आज सकाळी कान्हाची हाळी आली. मी त्याला थांब म्हटलं आणि मागे वळून बाईजाला हाक मारली. मेली मुद्दाम उशीर करते, मला कळतं. कान्हा पलीकडून दोनदा खेकसला, तरी मी उभी राहिले. तिची ‘ओ’ आली, मगच ‘हो’ म्हटलं.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तसं लिही. उरला असेल तर थोडा धाड, सध्या लागतो आहे.

तुझी आक्का,
देवकी