‘सोड’ म्हटल्यावर

४ नोव्हेंबर

चि. टिचकीस,
काकाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी ऐकतो कमी आणि ओरडतो जास्त, म्हणून तुझी काकू म्हणाली, लिहाच. तर लिहितो.

तू सुचवलेली शिडी येऊन पोचली. कारखान्याने तिला स्टोअरमध्ये नोकरी दिली, आणि जन्मभर लेथवर उभं राहून, दुसऱ्यांचे सामने बघून बास्केटबॉल शिकलेल्या माझ्यासारख्या कोचला एकदम स्टार खेळाडू मिळाली. आमच्या बुटक्यांच्या घोळक्यात ती उभी राहिली तेव्हा वॉचमनने मला विचारलं, की हिने चेंडू जाळीत टाकायचा की नुसता नेऊन ठेवायचा?

पण पोरी, गिअर कितीही चांगल्या पोलादाचा असो, दाते जुळले नाहीत तर कुरकुरणारच. आपली पद्धत तुला पाठ आहे. चेंडू म्हणजे घाईतला पाहुणा, त्याला बसवून घ्यायचं नाही. कोणी अडकली की मी बाहेरून ‘सोड’ म्हणून ओरडायचं आणि तिने चेंडू तत्क्षणी जोडीदारणीकडे द्यायचा. हिला मात्र चेंडू कुशीत घेऊन विचार करायची सवय. गुण मिळतात, पण बाकीच्या चौघी बसची वाट बघत असल्यासारख्या उभ्या.

तिला तुझ्या जागेवर, मधोमध, उभं करतोय. तू नोकरीसाठी परगावी गेल्यापासून ती जागा पडलेल्या दाताच्या फटीसारखी सारखी जिभेला लागायची. आता भरेल. तुम्ही दोघी तिकडे एकाच क्लबात खेळलात. तिकडच्या हाका वेगळ्या असतील तर तेवढं कळव. महिनाअखेर फायनल आहे, ऐन वेळी घोळ नको.

माया आहे तेवढी राहू दे. जास्त पाठवलीस तर परत करणार नाही.

तुझा काका


११ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वॉचमनमामांचा प्रश्न दवाखान्यात सगळ्यांना ऐकवला. एक्सरे काढताना पेशंटला श्वास रोखायला सांगते आणि माझीच मी फिसकन हसते.

शिडी चेंडू कुशीत घेते ते हावरटपणाने नव्हे. इकडे चेंडू तिच्या गळ्यात मारला की बाकीच्या मोकळ्या व्हायच्या, मग ती बिचारी देणार कोणाला? चौघींना पळत ठेवा, बघा चेंडू कसा वाटते ती. तिचा डावा हात उजव्याहून शहाणा आहे. तिच्यावर रागावू मात्र नका. ती भांडत नाही, आतल्या आत मिटून जाते.

हाकांचं काय, हाका सगळीकडे सारख्याच.

माझी जागा भरली हे वाचून बरं वाटलं. खरंच. काकूला सांगा, तिच्या गुडघ्याचा फोटो मीच काढणार, दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही. लोभ आहेच, त्याला ऊन-पाणी तुम्ही घाला.

तुमची टिचकी


२९ नोव्हेंबर

चि. टिचकीस,
आशीर्वाद.

हरलो. हरण्याचं काही नाही गं, हरून हरूनच आपण मोठे झालो. पण मी जे केलं ते ऐक.

तुझं ऐकून चौघींना पळवलं आणि शिडी अशी चपखल बसली की यंत्रात तेल पडावं. शेवटपर्यंत एका गुणाने पुढे होतो. कॅप्टनने रेषेजवळ तिच्याकडे पास टाकला, मागून समोरच्या संघाच्या दोघी झेपावल्या, मी गळा फाडून ‘सोड’ ओरडलो. आणि टिचके, तिने पुढे केलेले हात मागे घेतले! चेंडू तिच्या नाकासमोरून रेषेबाहेर. तो त्यांना मिळाला, त्यांनी जाळीत टाकला, संपलं.

जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या तर लगामही नाही. भरल्या मैदानात, साहेबांच्या देखत म्हणालो, की भाड्याचे हात ते भाड्याचेच. ती एवढंच म्हणाली, की काका, तुम्हीच सांगितलंत. त्यावर मी, वर तोंड करून खोटं बोलतेस, असंही म्हटलं.

तिने जर्सी धुऊन, घडी घालून स्टोअरच्या काउंटरवर ठेवली आहे. नोटीस दिली, पंधरवड्याने जाते. काकू माझ्यासमोर ताट ठेवते, पण शब्द ठेवत नाही. आणि ते ‘तुम्हीच सांगितलंत’ काट्यासारखं रुतून बसलंय. पोरगी खोटारडी वाटत नाही. तू तिला ओळखतेस. मी काय समजू?

काका


३ डिसेंबर

ती. काकांस,
नमस्कार.

ती खोटं बोलली नाही. आमच्या क्लबात ‘सोड’ म्हणजे हात लावू नकोस, चेंडू त्यांच्या बोटाला लागून बाहेर चाललाय, आपल्यालाच मिळेल. तिला वाटलं असणार, की बाहेरून तुम्हाला दिसलं. तिने तुमच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला, काका.

आणि हे मला माहीत होतं. तुमच्या पहिल्या पत्रात त्या शब्दावर माझे डोळे अडले होते. मी इकडे आले तेव्हा माझीही अशीच फजिती झाली होती. तेव्हा शिडीनेच मला बाजूला नेऊन अर्थ समजावला, कोणाला हसू दिलं नाही.

तरी मी लिहिलं नाही. पुढच्याच ओळींत ती दाताची फट होती. मनात आलं, इतक्यात नको भरायला. थोडं कुरकुरू दे, काकांना माझी आठवण होऊ दे. एवढंसंच होतं हो ते. म्हणूनच जास्त लाज वाटते, मोठ्या कारणासाठी तरी वाईट वागायचं.

तिला फोन लावला आणि रिंग जायच्या आत ठेवला. जमलं तर मला अजून टिचकी म्हणा.

तुमची


११ डिसेंबर

चि. टिचकीस, टिचकीसच,
आशीर्वाद, नेहमीएवढेच.

पुतणीच्या जागेला दाताची फट म्हणणारा मीच गाढव. माणसं का दात असतात, एक पडला की दुसरा बसवला?

शिफ्ट सुटताना गेटवर सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ज्या आवाजात बोललो होतो त्याच आवाजात. ती म्हणाली, की काका, जरा हळू, कान दुखतात. वॉचमन हसला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तुझं नाव मी काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये तिनेच विचारलं, की टिचकीला तर दोन्ही अर्थ ठाऊक होते ना? खोटं बोलता आलं नाही, मी मान खाली घातली. मग ती नट-बोल्ट वेगळे करायला लागली.

काल सरावाला जर्सी घालून आली. नोटीस मागे घेतली. आता हाक ‘दे’ अशी ठरली आहे. पण जन्माची खोड, मी पुन्हा ‘सोड’च ओरडलो. तिने चेंडू पकडला, मी ओशाळेपर्यंत माझ्याकडे बघितलं, मग हसून पास दिला.

जाताना म्हणाली, की टिचकीला कळवा, राग सोडला. आमच्यातला ‘सोडला’ असेल तर तो आता तुझ्याकडे आलाय, तुमच्यातला असेल तर रेषेबाहेर गेला. मी विचारलं नाही. ते तूच विचार.

आणि या वेळी रिंग जाऊ दे.

तुझा काका