फळ्यांची दिशा आणि बोटभर फट

२ ऑगस्ट
फळ्या आल्या. निशाने रायपूरहून अट घातली आहे: "बाबा, ओसरीलगतच्या खोलीची जमीन तुम्ही एकट्यानं नीट केली, तर तुम्हा दोघांना इकडं आणायचा विषय बंद." मान्य. गोरेगावचे हे घर सोडणार नाही. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्यास फळ्या जोडणे कठीण असण्याचे कारण आढळत नाही.

३ ऑगस्ट
प्रश्न दिशेचा. दारापासून खिडकीकडे उभ्या, की आडव्या? सुतार केवलराम म्हणाला, "सर, उभ्या टाका. अन् भिंतीले बोटभर गॅप सोडा, झडीच्या पाण्यात लाकूड फुगते." प्रमाण विचारले. म्हणाला, "फुगते म्हणजे फुगते." हे प्रमाण नव्हे.

५ ऑगस्ट
आडव्या. कारणे तीन. तिसरे, केवलराम उभ्या म्हणाला, हे गौण.

७ ऑगस्ट
पहिली ओळ उलटी बसली. उपयुक्त अनुभव.

८ ऑगस्ट
पत्नी सुमित्राबाई यांचे माहेर तलाव बांधणाऱ्यांचे. म्हणाल्या, "अवो, तलावाले जास्तीचं पानी जायले सांडवा ठेवतेत, नाहीतं पाळ फुटते. तुमी लाकडाले जागाच नाही ठेवून राहिले." साधर्म्यावरील अनुमान दुर्बळ असते, हे समजावले. "दुर्बळ त दुर्बळ. माह्या बापाचा तलाव अजून उभा आहे." विषयांतर.

११ ऑगस्ट
पूर्ण. भिंतीपासून भिंतीपर्यंत केसही शिरणार नाही. फट म्हणजे युक्तिवादातील उणीव.

१७ ऑगस्ट
सहा दिवस झड. दाराजवळ फळ्या किंचित उचलल्या आहेत. अस्सल लाकडाचे लक्षण.

१९ ऑगस्ट, दुपारी १
निशा चारला येणार. दारामागचे सांधे तपासण्यासाठी आत जाऊन दार रेटून लावले. लागताच दाराच्या आड फळी वर आली. दार आत उघडणारे. आता उघडत नाही. दोष दाराचा.

दुपारी ३
खांद्याने, पायाने, स्टुलाने. दोष अद्याप दाराचाच.

४.२०
निशा आली. सुमित्राबाईंनी खिडकीच्या गजांतून चहा दिला. "पाळ फुटली म्हना," एवढेच बोलल्या. निशा हसली नाही. ते अधिक वाईट. काम भक्कम आहे, असे मी सांगितले. "दिसतंय, बाबा."

५.१०
केवलरामने गजांतून करवत दिली. "दारापाशी बोटभर कापा, सर." उभे कापू की आडवे, विचारले. "आता कसंबी चालते."

५.४०
कापतो आहे. ओसरीवर सुमित्राबाई लुगड्यांच्या घड्या ट्रंकेत ठेवत आहेत. निशाने खिडकीशी येऊन माझ्या स्वेटरच्या कपाटाची किल्ली मागितली. किल्ली माझ्या खिशात होती. गजांतून दिली.