पप्पांचं मंद मशीन

रॉकी,

पप्पांना जाऊन महिना होईल, त्या दिवशीच्या मिस्साचं, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेचं, फादरना सांगायला चर्चमध्ये जातेय. पेज झाकून ठेवली आहे.

शेअरच्या कामाला कुठला कॉम्प्युटर घेऊ, असं काल विचारलंस. दोन मोठे स्क्रीन घे, रॅम भरपूर घे, वीज जाते म्हणून यूपीएसही घे. पप्पांनी माझ्याकडे हेच मागितलं होतं. घाईत सौदे करून ते पैसे घालवतील, या भीतीने मी त्यांना मुद्दाम मंद मशीन निवडून दिलं. ते अडकलं की फोनवर म्हणायचे, "खारो वारो लागलो गो तेका, तुझो काय दोष?" मी लगेच जेवलात का, ते विचारायचे.

जुनं मशीन काढू नकोस. वाऱ्यापासून जपायला त्यांनी घातलेला टॉवेल अजून त्यावर आहे.

डेलिशा